मनगटातली आठ हाडं

आरतीनं स्केचपेनचं टोपण दातात धरलं आणि टेबलावर पालथ्या पडलेल्या बहिणीच्या पाठीवर जांभळी रेषा ओढायला सुरुवात केली. खांद्याच्या टोकाकडून आत, मग खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, फऱ्याच्या कडेकडेनं खाली.

"हलू नको ना, ताई. वाकडी जाते."

"गार लागतंय."

"झालंच."

टेबल एरवी कापड बेतायचं. सत्यशीलानं त्यावरचे तीन ब्लाउजपीस, टेप आणि कात्री खिडकीत सरकवून ठेवली होती. रविवारची दुपार होती, पुढचं दार आतून लावून घेतलेलं. टेबलाच्या फळीवर तिचा गाल दाबला गेला होता आणि एका डोळ्यानं तिला फक्त शिवणयंत्राचं चाक दिसत होतं.

"हा वरचा कोपरा, दुसऱ्या मणक्याशी," आरती बोटांनी चाचपत म्हणाली. "आणि खालचा कोपरा..."

सातव्या, सत्यशीलानं मनातल्या मनात म्हटलं.

"...सातव्या," आरती म्हणाली.

दोन महिने हा खेळ चालला होता आणि तो खेळणारी एकटी सत्यशीलाच होती. आरतीचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण ते मनात पुरं करायचं. जमलं की छातीत बारीकसं सुख व्हायचं आणि त्याच्या मागोमाग जळजळ. जिंकून उपयोग काय? पांढरा एप्रन घालून सकाळी पावणेआठची बस धरणार ती आरतीच. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला नाव होतं तेही आरतीचंच.

तो एप्रनसुद्धा सत्यशीलानंच बसता करून दिला होता. बाजारातून आणलेला खांद्यांत ढगळ होता. तिनं तो उसवला, बाह्या आत घेतल्या, पुन्हा शिवला. आरती तो घालून आरशासमोर उभी राहिली, दोन्ही हात खिशांत घातले, तेव्हा त्यांचे वडील वैजनाथ दूध संघातून नुकतेच आले होते. ते दारातच थबकले.

"आरं बापरे! आमच्या घरात डाक्टर आली की!"

सत्यशीला खाली बसून एप्रनची खालची कड दुमडत होती. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिला काही बोलावं लागलं नाही.

संगमनेरच्या त्या गल्लीत बातमी पसरायला फार दिवस लागले नाहीत. पलीकडच्या घरातली गोजरबाई चार वर्षं सत्यशीलाकडेच ब्लाउज टाकत होती. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे हे सत्यशीलाला टेप न लावताही दिसायचं. ती त्या बाजूची शिवण त्या बेतानं धरायची आणि दर खेपेला सांगायची, "मावशी, पाण्याचा हंडा एकाच कडेवर घेत जाऊ नका." गोजरबाई हसण्यावारी न्यायची. मागच्या आठवड्यात ब्लाउज न्यायला आली तर तिनं सत्यशीलाकडे पाठ केली आणि आरतीसमोर बसली.

"डाक्टरीणबाई, माझा खांदा बघ की गं जरा. लई दुखतोय."

आरती लाजली. दोन बोटं ठेवून तिनं कुठल्याशा स्नायूचं नाव घेतलं आणि म्हणाली, "एकाच बाजूला वजन घेऊ नका, मावशी."

"बघ!" गोजरबाई सत्यशीलाकडे वळून म्हणाली. "शिकलेल्या मानसाला कसं लगेच कळतं."

सत्यशीलानं ब्लाउजची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

फिजिओथेरपी हा शब्द या घरात पहिल्यांदा आणला होता तो सत्यशीलानं. नऊ वर्षांपूर्वी, बारावी सायन्सला असताना. त्या वर्षी फेब्रुवारीत आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बोर्डाचे पेपर सत्यशीलानं दिले, पण ते कसे दिले हे तिला आठवत नाही. पुढची प्रवेश परीक्षा होती त्या दिवशी ती दवाखान्यात आईच्या अंथरुणाची चादर बदलत होती. दहा वर्षांच्या आरतीला मावशी राजूरला घेऊन गेली. लहान पोरीचे हाल नकोत, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं.

दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट बाई चार वेळा येऊन गेल्या. आईचा हात कसा धरायचा, मनगट कसं फिरवायचं, मिटलेली बोटं ओढाताण न करता कशी उघडायची, ते त्यांनी सत्यशीलाला दाखवलं. तिनं ते तीन वर्षं केलं. सकाळी आणि संध्याकाळी, आईचा तळहात आपल्या तळहातात घेऊन. तीन वर्षांनी आई गेली. आरती राजूरहून परत आली तोवर पुढच्या खोलीत शिवणयंत्र आलेलं होतं आणि दारात बायकांची ये-जा सुरू झालेली होती. पुढं शिकायचंय का, असं सत्यशीलाला कुणी विचारलं नाही. तिनंही कुणाला विचारलं नाही. दोन स्थळं आली आणि गेली.

आरतीचं शरीररचनेचं जाडजूड पुस्तक तिनं पहिल्यांदा उघडलं ते धूळ झटकताना. आरती कॉलेजात होती. पान मध्येच कुठेतरी उघडलं आणि समोर मनगटाचं चित्र आलं. नदीतल्या गोट्यांसारखी आठ लहान हाडं, चार-चारच्या दोन ओळींत. सत्यशीलानं आपलं मनगट वळवलं आणि करंगळीच्या बाजूला अंगठा ठेवला. तिथं एक वाटाण्याएवढा उंचवटा होता. आईच्या मनगटात तो तिला रोज लागायचा. त्याच्याभोवती अंगठा फिरवला की आईची मूठ जरा सैल पडायची. तीन वर्षं ती त्याला मनात नुसतं 'तो वाटाणा' म्हणत आली होती. चित्रात त्याच्याकडे बाण केला होता आणि नाव लिहिलं होतं, पिसिफॉर्म.

ती बराच वेळ पुस्तक मिटून बसली. मग पुन्हा उघडलं. त्यानंतर एकही दुपार तिनं चुकवली नाही. पुस्तक इंग्रजीत होतं, वाक्यं लांबलचक होती, पण बारावीची जीवशास्त्राची वही कुठल्या पेटीत आहे हे तिला ठाऊक होतं. आधी हात वाचला, मग खांदा, पाठ, पाय. आईच्या अंगात जे जे तिच्या हाताला लागलं होतं ते सगळं त्या पुस्तकात होतं आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर सुरेख अक्षरात आरतीचं नाव होतं.

मंगळवारी आरतीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. वर्षातली पहिलीच. सोमवारी संध्याकाळी तिनं पुस्तक आणून सत्यशीलाच्या मांडीवर ठेवलं.

"हे धर. मी म्हणते, तू बघ. चुकले तर सांग."

तिनं सत्यशीलाचं मनगट हातात घेतलं आणि एकेका जागी बोट दाबत म्हणायला लागली. पहिली ओळ झाली. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. सगळं ठीक होतं.

"आता दुसरी ओळ. अंगठ्याच्या बाजूनं." आरतीनं डोळे मिटले. "ट्रॅपेझॉइड. मग ट्रॅपेझियम. मग कॅपिटेट, हॅमेट."

सत्यशीलानं पुस्तकात बघितलं, बघायची गरज नव्हती तरी. पहिली दोन नावं उलटी झाली होती. अंगठ्याच्या बुडाशी असतं ते ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड त्याच्या पलीकडे. नावं इतकी सारखी की कुणाचाही घोटाळा व्हावा. सांगायला एक श्वास पुरला असता.

"बरोबर?" आरतीनं डोळे उघडले.

आत वैजनाथ फोनवर कुणाला तरी सांगत होते, "व्हय, उद्या परीक्षा हाय तिची. न्हाई न्हाई, तिला काय अवघड न्हाई."

"बरोबर," सत्यशीला म्हणाली.

"नक्की? दुसरी ओळ परत म्हणू?"

"म्हण."

आरतीनं ती पुन्हा तशीच म्हटली. या वेळी सावकाश, एकेक नाव सुटं करून.

"बरोबर आहे," सत्यशीलानं पुस्तक मिटलं. "एवढं काय घाबरायचं त्यात?"

आरती तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं हातातलं मनगट हलकेच खाली ठेवलं, जशी एखादी वस्तू ठेवावी तसं, आणि उठून आत गेली.

सकाळी चपला घालायला आरतीला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागला. सत्यशीला स्वयंपाकघराच्या दारात डबा घेऊन उभी होती. अजूनही सांगता आलं असतं. तिनं डबा पुढं केला.

"येते," आरती म्हणाली.

"ये."

दुपारी सत्यशीलानं पुस्तकाच्या फळीकडे बघितलंसुद्धा नाही. लग्नातले तीन ब्लाउज कापायला घेतले. चार वाजता पहिल्याला बाह्या लावायला बसली तेव्हा कळलं की दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच कापल्या गेल्यात. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या दोन बाह्या समोर ठेवून ती बसून राहिली. टेबलावर हाडं मांडलेली, समोर परीक्षक, मागं रांगेत पन्नास मुली आणि आरती अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवून चुकीचं नाव घेतेय, हे चित्र तिला काल संध्याकाळी गोड लागलं होतं. आता ते डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

साडेपाचला आरती आली. सॅक खुंटीला अडकवली, हातपाय धुतले आणि शिवणयंत्राजवळच्या स्टुलावर येऊन बसली.

"कसा गेला?" सत्यशीलानं विचारलं.

"चांगला. मनगटच आलं होतं."

सत्यशीलाचा हात चाकावर थांबला. "मग?"

"मग काय, सांगितलं."

"कसं सांगितलंस?"

"बरोबर सांगितलं," आरती म्हणाली. "मला कालही येत होतं, ताई."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. सत्यशीलानं चाकावरचा हात खाली घेतला.

"माझ्या पुस्तकात तुझ्या कापड बेतायच्या खडूची पूड असते," आरती म्हणाली. "निळी. मनगटाच्या पानांवर तर बोटांचे ठसे आहेत. मला वाटलं, तू वाचतेस. मी वाट बघत होते, तू कधीतरी बोलशील. पाठीवर रेषा काढताना मुद्दाम थांबायचे. तू गप्पच. म्हणून काल ठरवून चुकीचं म्हटलं. तू पकडलं असतंस की तुला सांगणार होते. आमच्या वर्गात रोहिणीताई म्हणून आहेत. एकतीस वर्षांच्या. नर्सची नोकरी सोडून, प्रवेश परीक्षा देऊन आल्यात. वयाची अट नाही त्याला. मी ऑफिसात विचारून पण आले."

ती पायाच्या अंगठ्यानं फरशीवर पडलेली चिंधी पुढं-मागं सरकवत होती.

"पण तुला नसेल कळलं. अक्षरं किती बारीक आहेत त्यात. तू नुसती चित्रं बघत असशील. जाऊ दे."

सत्यशीलानं सुईखालचं कापड बाहेर ओढलं. दोरा लांबत गेला तरी तो तोडायचं तिला सुचलं नाही. हो म्हणणं सोपं होतं. नुसती चित्रंच बघते गं, मला कुठलं एवढं इंग्रजी. इतकं म्हटलं की कालची संध्याकाळ जागच्या जागी मिटून गेली असती. आरतीनं ते तिच्या हातात आणून दिलं होतं. मुद्दाम दिलं होतं की भाबडेपणानं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"अंगठ्याच्या बुडाशी ट्रॅपेझियम," सत्यशीला म्हणाली. "ट्रॅपेझॉइड त्याच्या पलीकडे, तर्जनीच्या खाली. मलाही काल माहीत होतं."

आरतीचा पाय थांबला.

"मग बोलली का नाहीस?"

"तू चुकावीस असं वाटलं."

"तिथं? सगळ्यांसमोर?"

"हो. सगळ्यांसमोर."

आरतीनं मान खाली घातली. ती रडेल असं सत्यशीलाला वाटलं, पण तिचा आवाज कोरडा निघाला.

"राजूरला असताना मला पण वाटायचं. तुझं काहीतरी वाईट व्हावं असं. सुट्टीत मी यायचे ना, तेव्हा तू आईचा हात घेऊन बसलेली असायचीस. मी जवळ आले की म्हणायचीस, लांब बस, तुझ्याच्यानं जमणार नाही. मी पाहुणी असल्यासारखी भिंतीशी बसायचे. आईचा हात कसा होता ते मला आठवत सुद्धा नाही, ताई. तुला त्यातली हाडं पण पाठ आहेत."

ती उठली. खुंटीवरची सॅक काढून आतल्या खोलीत गेली.

पुढचे दिवस घरात जेवणखाण वेळेवर झालं, डबा भरला गेला, एप्रनला इस्त्री झाली, पण बोलणं झालं नाही. पुस्तक फळीवर नव्हतं. आरती ते आता रोज सॅकमध्ये घालून न्यायची. सकाळी ती गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत सत्यशीला खिडकीतून बघायची. वजनानं सॅकचा पट्टा आरतीच्या उजव्या खांद्यात रुतायचा आणि तो खांदा वर उचलून ती चालायची.

"भांडलात काय गं दोघी?" शुक्रवारी जेवताना वैजनाथनी विचारलं.

"नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

दुपारी वेळ उरायला लागला. सत्यशीलानं चुकीच्या बाह्यांच्या जागी जुळतं कापड आणून नवीन लावल्या, काज केले, हुक लावले. हात चालू असले तरी डोक्यात ती नावं आपोआप म्हटली जात. थांबवायला गेली तर जास्तच. रोहिणीताई नावाच्या त्या न बघितलेल्या बाईचाही तिला राग यायला लागला होता. एकतीस वर्षांची. तिच्याहून चार वर्षांनी मोठी.

रविवारी आरतीनं टेबल मागितलं नाही. दहाच्या सुमाराला तिची मैत्रीण आली. आयेशा, नगरची, हॉस्टेलला राहणारी. तिनं हातातला खारी बिस्किटांचा पुडा सत्यशीलाच्या यंत्रावर ठेवला, सलाम केल्यासारखं हसली आणि आत गेली. मधल्या दाराला पडदाच होता. आत सतरंजी अंथरल्याचा आवाज आला, मग स्केचपेनचं टोपण उघडल्याचा, मग आयेशाच्या हसण्याचा.

"अगं, गुदगुल्या होतात! पायाला नको."

"पायाचंच आहे उद्या. गप पड."

सत्यशीलानं यंत्र जोरात चालवलं. सरळ शिवण होती, लांब, लक्ष द्यावं लागत नव्हतं. दोघींचं बोलणं यंत्राच्या आवाजातून तुटक तुटक ऐकू येत होतं. पुढच्या सगळ्या रविवारी असंच होणार. जांभळ्या रेषा आता आयेशाच्या अंगावर निघणार. पाठीवरचं ते गार टोक आपल्याला नकोसं होतं असं ती दोन महिने मानत आली होती.

"घोट्याच्या आतल्या बाजूनं, पुढून मागं," आरती म्हणत होती. "टिबियालिस पोस्टेरियर. मग फ्लेक्झर डिजिटोरम लाँगस. मग आर्टरी. मग..."

सत्यशीलाचा पाय पायट्यावर मंद झाला.

"सांगू?" आयेशा म्हणाली.

"थांब, सांगू नको. आर्टरी, मग..."

आत गप्प झालं. सत्यशीलानं शिवणीकडे बघितलं. ती दोन बोटं बाजूला सरकली होती.

"ताई?"

यंत्र थांबलं. आरती खरंच अडली होती की अडल्यासारखं करत होती, सत्यशीलाला कळेना. पडद्याआडून नुसता आवाज आला होता आणि त्या आवाजात राग होता की नव्हता, तेही कळण्यासारखं नव्हतं.

"नर्व्ह," ती म्हणाली. "टिबियल नर्व्ह. आणि सगळ्यात मागं पायाच्या अंगठ्याचा स्नायू. फ्लेक्झर हॅल्युसिस लाँगस."

आजवर ही नावं तिनं तोंडानं कधी उच्चारली नव्हती. मनगटाची दोन सोडली तर. ती खोलीत इतकी मोठ्यानं ऐकू आली की तिनं उगाच दाराकडे बघितलं.

"अय्या!" आयेशा उठून बसली असावी. "तुझी दीदी पण फिजिओ करते? तू बोलली नाहीस कधी."

आत पुस्तकाची पानं सळसळली.

"तिलाच विचार," आरती म्हणाली.

पडदा बाजूला झाला. आयेशा एका पायावर लंगडत दारात आली होती. सलवार पोटरीपर्यंत खोचलेली, घोट्यावर चार जांभळ्या रेषा. तिच्या मागं आरती सतरंजीवर बसून होती, खाली मान घालून पुस्तकाची पानं उलटत.

"करता का तुम्ही?" आयेशानं विचारलं.

"नाही," सत्यशीला म्हणाली. मग म्हणाली, "वाचते."

"मग या ना आत. आमचा उद्या घोटाच आहे, आणि ही सारखी अडकते."

सत्यशीला जागची हलली नाही. तिला आयेशाचं ऐकायचं नव्हतं. ती आरतीच्या हातांकडे बघत होती. पानं उलटायची थांबली. आरतीनं वर बघितलं नाही, पण बसल्या बसल्या भिंतीकडे सरकून तिनं सतरंजीची एक बाजू मोकळी केली.